जमिनीत राहून गेलेले बटाटे : काढणीच्या नोंदी

११ मार्च

काकूंच्या तुकड्यातले बटाटे काढायचं काम घेतलंय. लागवड त्यांनी वेळेवर केली, भर लावली, पाणी दिलं, सगळं नीट झालं आणि ऐन काढणीच्या तोंडावर गुडघ्याचं ऑपरेशन आलं. पाला फेब्रुवारीच्या मध्यालाच पिवळा पडून आडवा झाला होता, आता तर हातात घेतला की चुरा होतो, आणि झाड नेमकं कुठे होतं ते वरंब्यावरच्या तपकिरी काड्यांवरूनच कळतंय. एकूण सहा वरंबे, चार पूर्ण उन्हात आणि दोन कडेच्या झाडाच्या सावलीत.

काकू फोनवर म्हणाल्या, "अगं राहू दे की जमिनीत, बटाटे काय पळून जाणारेत का, मी बरी झाले की काढू दोघी मिळून." मी म्हटलं काकू, थंडी अजून महिनाभर असती तर मी पण हेच म्हटलं असतं. कोरड्या गार जमिनीत पिकलेला बटाटा काही आठवडे आरामात राहतो, साल उलट आणखी घट्ट होते. पण आता ऊन रोज वाढतंय. आज दुपारी मातीत थर्मामीटर खुपसून बघितलं तर उन्हातल्या वरंब्यात १० सेंटीमीटरवर ३१ अंश, सावलीतल्यात त्याच खोलीवर २५. बटाटा पोसायला जमीन साधारण १५ ते २० अंश लागते आणि ३०च्या आसपास वाढ जवळजवळ थांबतेच. आता इथे पाला मेलाय म्हणजे पोसण्याचा प्रश्नच उरला नाही, जे काही वजन भरायचं होतं ते भरून झालं, इथून पुढे बटाटा फक्त स्वतःच्या साठ्यावर जगणार. जिवंत वस्तू आहे ती, श्वास घेते, आणि जितकी उष्णता जास्त तितका श्वास जास्त आणि साठा लवकर संपतो. शिवाय पाकोळी आहेच, म्हणजे जिची अळी बटाटा पोखरते तो छोटा पतंग, तिला असली कोरडी भेगाळलेली जमीन फार आवडते.

म्हणून ठरवलं, उन्हातले चार वरंबे आधी, सावलीतले दोन शेवटी. सावलीतले थोडे थांबले तरी चालतील असं आत्ता वाटतंय, पण उद्या चाचणीला खणून बघितल्याशिवाय नक्की काही बोलणार नाही.

१२ मार्च

पहाटेच गेले, माती गार असताना. सकाळचं रीडिंग उन्हातल्या वरंब्यात २३, म्हणजे दिवसभरात ८ अंशांचा चढउतार चाललाय वरच्या थरात. २० सेंटीमीटर खाली मात्र फारसा फरक नाही, त्यामुळे वर आलेले बटाटे आणि खोल असलेले बटाटे यांची अवस्था वेगळी असणार हे खणायच्या आधीच कळलं.

प्रत्येक वरंब्यातून एकेक झाडाची जागा उकरली. अंगठ्याची चाचणी सगळ्यांवर केली, म्हणजे बटाटा धुवायचा नाही, हातानेच माती झटकायची आणि अंगठा जोरात दाबून घासायचा, साल सुटली तर कच्चा, नाही सुटली तर तयार. एकाचीही साल सुटली नाही. पाला मेल्यावर साल घट्ट व्हायला १०-१४ दिवस पुरतात आणि इथे ते केव्हाच होऊन गेलेत, त्यामुळे "अजून जरा पक्के होऊ देत" हे कारण आता संपलं.

मग प्रत्येक जागेतला एकेक बटाटा उभा कापला. उन्हातल्या दुसऱ्या वरंब्यातला बाहेरून अगदी देखणा होता आणि मधोमध पोकळ, चांदणीसारखी फट, कडा तपकिरी. घाबरायचं काही नाही, रोग नाहीये हा, झाड मधेच एकदम जोरात वाढलं की आतला भाग फाटतो. तो भाग काढून बाकीचा खाता येतो. चौथ्या वरंब्यातल्या एकाच्या बुडाला छोटं पिल्लू चिकटलेलं निघालं, डमरूसारखा आकार. हे उन्हामुळे आणि पाण्याच्या ओढीमुळे होतं, मधे वाढ थांबते, मग पाणी मिळालं की बटाटा फुगायच्या ऐवजी डोळ्यातून नवीन गाठ काढतो. अशा जोडबटाट्यांत मूळच्या बटाट्यातला साठा पिल्लाकडे जातो आणि मूळचा टोकाकडे पाणचट, काचेसारखा होतो, असे साठवायला ठेवायचे नाहीत.

महत्त्वाचं म्हणजे तिसऱ्या वरंब्यात अगदी वर आलेल्या दोन बटाट्यांवर डोळ्यांपाशी काळी बारीक भुकटी दिसली. पाकोळीच्या अळीची विष्ठा ती. कापलं तर आत बोगदे. खोलवरचे त्याच झाडाचे सगळे स्वच्छ. पाकोळी मातीच्या भेगांमधून उतरते आणि जो बटाटा हाताला लागतो त्याच्या डोळ्याजवळ अंडी घालते, त्यामुळे वर चांगली ५-७ सेंटीमीटर भुसभुशीत माती असेल आणि भेगा नसतील तर तिला पोहोचणं अवघड जातं. तिसरा वरंबा सगळ्यात जास्त भेगाळलाय. तोच पहिला काढायचा.

संध्याकाळी सावलीतल्या दोन वरंब्यांवर सैल माती ओढून भेगा बुजवल्या आणि वर वाळकं गवत पसरलं. तेवढ्यानेही माती दोन-तीन अंश गार राहते.

१३ मार्च

काढणी नाही. नुसता एक निर्णय, पण त्याच्यावर सकाळ गेली.

जमीन इतकी घट्ट झालीय की कुदळ मारली की ढेकूळ निघतं, आणि ढेकळाला बटाटा चिकटून वर येतो, ढेकूळ फुटताना बटाट्याला मार बसतो. तो मार दिसत नाही हीच खरी अडचण, साल शाबूत असते आणि आत दोन दिवसांनी निळा-करडा डाग उमटतो. मग पाणी द्यावं का हलकं? जमीन मऊ होईल हे खरं, पण पाला मेलेल्या बटाट्याला पाणी देणं हा जुगारच, कारण पाणी पिऊन घ्यायला वर झाडच नाही. ओल राहिली की सालीवरची श्वासाची छिद्रं फुगतात, पांढरे मऊ ठिपके येतात, आणि तीच कुजवणाऱ्या जिवाणूंची दारं. गरम माती आणि ओल एकत्र आली की मऊ कूज किती वेगाने पसरते ते एकदा नाकाने अनुभवलं की माणूस आयुष्यभर विसरत नाही.

शेवटी ठरलं ते असं. वरंब्यावर पाणी अजिबात नाही. सरीत, तेही फक्त उद्या काढायच्या दोन वरंब्यांच्या मधल्या सरीत, झारीने थोडंसं, माती बाजूने नरम होईल इतकंच. आणि ज्याला पाणी दिलं तो वरंबा दुसऱ्या दिवशी वापसा आला (जादा ओल ओसरून माती खणण्याजोगी झाली) की काढायचाच, पाणी देऊन सोडून द्यायचा नाही. म्हणजे काढता येईल तेवढ्यालाच पाणी.

१५ मार्च

तिसरा आणि दुसरा वरंबा काढला. काल सकाळी मातीची मूठ वळून बघितली तर गोळा होत होता आणि बोटाने ढकलला तरी फुटत नव्हता, म्हणजे अजून ओली, म्हणून एक दिवस थांबले. आज गोळा वळला आणि बोट लावताच विस्कटला. हाच वापसा.

काढायची पद्धत लिहून ठेवते कारण काकूंचा नातू उद्यापासून मदतीला येणार आहे आणि त्याला वाचायला देता येईल. कुदळ वरंब्याच्या डोक्यावर मारायची नाही, कधीच नाही. झाडाच्या काडीपासून वीतभर लांब, सरीच्या बाजूने फोर्क तिरका घालायचा, पूर्ण खोल, आणि दांडा खाली दाबून अख्खा वरंबा उचलायचा, माती आपोआप उकलते आणि बटाटे वर येतात. मग पुढचं सगळं हाताने. बटाटे खोडापासून पांढऱ्या दोऱ्यांना लागतात, त्या दोऱ्या हिरव्या झाडात मजबूत असतात आणि सगळं झाड उपटलं की बटाटे बरोबर लटकून येतात, पण इथे दोऱ्या वाळून तुटल्यात, त्यामुळे बटाटा कुठे आहे ते काडीवरून कळत नाही आणि प्रत्येक जागा चाचपावी लागते. उशिरा काढणीचं खरं कष्टाचं काम हे आहे, खणणं सोपं आणि शोधणं अवघड. एका जागी मी हात फिरवून संपलं म्हणून पुढे सरकणार तोच वीतभर लांब सरीच्या तळाशी एक मोठा निघाला. त्यानंतर मी प्रत्येक जागा दोनदा चाळतेय, एकदा फोर्कने, एकदा बोटांनी.

बेण्याचा जुना बटाटा पण बऱ्याच जागी सापडतो, काळं पडलेलं पोकळ साल किंवा चिकट लगदा. तो चुकून चांगल्यांत पडू द्यायचा नाही, वेगळ्या बादलीत.

खाली ठेवताना सुद्धा हलक्या हाताने, क्रेटमध्ये टाकायचे नाहीत तर ठेवायचे. वीतभराहून जास्त उंचीवरून बटाटा पडला की मार बसतोच असं धरून चालायचं. क्रेटच्या तळाला मी गोणपाट घातलं.

आणि ऊन. दहाच्या आत उचलून सावलीत, हा नियम. बटाटा खोडाचाच प्रकार असल्याने उजेड लागला की हिरवा होतो आणि भर उन्हात तास-दोन तास राहिला तर साल भाजते, तिथून मग कूज सुरू होते. वरची ओली माती वाळेपर्यंत अर्धा-पाऊण तास सावलीत पसरायचे, बास.

१६ मार्च

आज फक्त निवड. मला हे काम खणण्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं आणि लोक नेमकं इथेच घाई करतात, सगळं एका पोत्यात भरून मोकळे होतात, आणि मग महिन्याने पोत्यातून पाणी गळायला लागतं. वेळेवर काढलेल्या पिकात हे थोडंफार खपून जातं. उशिरा काढलेल्यात प्रत्येक बटाटा वेगळा असतो, कुणी वर होता, कुणी खाली, कुणी भेगेत, त्यामुळे एकेक हातात घेऊन फिरवून बघायलाच लागतं.

चार ढीग केले. पहिला, सालीला काही नाही, घट्ट, जड, डोळे झोपलेले. हे साठवायचे. दुसरा, फोर्क लागलेले, साल खरचटलेली, पोकळ असण्याचा संशय असलेले फार मोठे, जोडबटाटे. हे आधी वापरायचे, आठवड्या-दोन आठवड्यात संपवायचे. तिसरा ढीग हिरव्यांचा. चौथा टाकायचा, म्हणजे कुजके, अळीचे, दाबल्यावर रबरासारखे दबणारे.

हिरव्यांवरून नातवाने विचारलं, "ताई, साल जाड काढली तर चालेल ना?" नीट सांगायला पाहिजे म्हणून इथे लिहिते. हिरवा रंग स्वतः विषारी नाही, तो पानातला असतो तोच रंग, पण ज्या उजेडाने तो येतो त्याच उजेडाने सोलानिन आणि त्याच्या जातीची कडू द्रव्यंही वाढतात, आणि ती उकडून किंवा तळून जात नाहीत. साधारण चांगल्या बटाट्यात ही द्रव्यं किलोमागे २० ते १०० मिलिग्रॅम असतात आणि २०० मिलिग्रॅमच्या वर गेला की खाण्यालायक धरत नाहीत. बहुतेक भाग सालीत, डोळ्यांत आणि कोंबांत असतो. त्यामुळे नखाएवढा फिका हिरवा डाग असेल तर तिथला भाग जाड कापून टाकायचा आणि बाकीचा वापरायचा, पण अर्धी बाजू हिरवी असेल किंवा जिभेला कडू लागला तर अख्खा टाकायचा, तिथे काटकसर नाही. लहान मुलांना तर संशयाचा एकही द्यायचा नाही. आपल्याकडच्या हिरव्यांपैकी निम्मे मी सरळ टाकले. नातवाला वाईट वाटत होतं, मला पण वाटतं, पण टाकले.

दोन वरंब्यांचा हिशोब अंदाजे असा, दहा किलोतले सात किलो पहिल्या ढिगात, दोन किलो आधी वापरायचे आणि एक किलो टाकलेले. तिसऱ्या वरंब्यात टाकलेले जास्त, अपेक्षेप्रमाणे.

१८ मार्च

पहिला आणि चौथा वरंबा. नातू फोर्क घालतो आणि मी चाचपते, अशी जोडी चांगली जमली. त्याचा हात हलका आहे, आज फोर्कने टोचलेले फार कमी निघाले.

चौथ्यात हुमणीने (मातीतली जाड पांढरी अळी) खाल्लेले सापडले, मोठे उथळ खड्डे, कडा वाळलेल्या. पाकोळीच्या अळीच्या बोगद्यापेक्षा हे बरं, खड्डा वाळून साल धरते आणि आतला बटाटा ठीक राहतो, पण साठवणीत नाही ठेवले. काहींवर खरखरीत खपल्या आहेत, त्याने फक्त रूप बिघडतं, सोलली की झालं, ते मी पहिल्याच ढिगात घेतले. दिसायला वाईट आणि टिकायला वाईट या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत, नाहीतर चांगलं पीक उगाच उकिरड्यावर जातं.

रात्री सहज एक प्रयोग केला. ११ वाट्या पाणी आणि १ वाटी मीठ असं विरघळवून त्यात बटाटे सोडायचे, पिठूळ बटाटा जड असतो तो बुडतो, पाणचट तरंगतो. खोलवरचे बहुतेक बुडाले. वरच्या थरातले, दोन-तीन आठवडे उन्हाने तापलेले, त्यातले बरेच तरंगले. आता यात जागेचा फरक किती आणि उन्हाचा किती हे एवढ्याशा चाचणीतून वेगळं काढता येत नाही, तरी उकडून बघितल्यावर तरंगणारे खरंच चिकट आणि सपक लागले. ते सगळे दुसऱ्या ढिगात टाकले. मिठाच्या पाण्यातून काढलेले धुऊन लगेच वापरायचे, ते साठवणीत जाणार नाहीत.

२१ मार्च

आभाळ भरून आलंय आणि अंदाजात पाऊस आहे. सावलीतले दोन वरंबे अजून जमिनीत.

आज पूर्ण दुपार हाच विचार. घाईने काढावेत का? माती तिथे आधीच थोडी ओलसर आहे, काढता येतील, पण अंधार पडेपर्यंत एकच वरंबा होईल आणि ओले चिखलाचे बटाटे आत आणून ठेवायला कोरडी हवेशीर जागा उरली नाहीये, पहिल्या चार वरंब्यांचे क्रेट अजून साल भरून यायला पसरून ठेवलेत. त्यात ओले मिसळले की सगळंच धोक्यात. काकूंना फोन केला. त्या म्हणाल्या, "घाई करू नकोस, पाण्याला वाट करून दे आणि थांब." ज्याने जमीन वर्षानुवर्षं बघितलीय त्याचं ऐकावं.

सरीची तोंडं उघडली, खालच्या बाजूला चर काढला, वरचं गवत बाजूला केलं (ओलं गवत बसून राहिलं तर वरंबा वाळणारच नाही). वरंब्याच्या डोक्यावर उतार धरून माती चोपली म्हणजे पाणी वाहून जाईल. एवढंच हातात होतं.

२२ मार्च

रात्रीत चांगला पडला. सकाळी सरीत पाणी नव्हतं, चराने काम केलं.

२४ मार्च

वरंबे अजून ओले. एका जागी उकरून बघितलं, सालीवर पांढरे ठिपके उठलेत, साबुदाण्याएवढे, ती फुगलेली छिद्रं. वास नाही, मऊपणा नाही. बटाट्याला पाण्यात गुदमरायला होतं, हवा मिळावी म्हणून तो छिद्रं उघडतो, आणि पाणी लवकर उतरलं तर ती पुन्हा वाळून बुजतात. ऊन कडक असतं आणि पाणी साचलं असतं तर आतापर्यंत मधला भाग काळा पडायला सुरुवात झाली असती, हवा कमी आणि उष्णता जास्त असं झालं की तसं होतं आणि बाहेरून काही कळतही नाही. दोन कापून बघितले, आत पांढरे स्वच्छ. दोन दिवस आणखी.

२६ मार्च

वापसा आला. दोन्ही वरंबे काढले, सकाळी लवकर सुरू करून.

माती यावेळी इतकी छान उकलत होती की फोर्क लागलेला एकही नाही. पण खालच्या टोकाला जिथे पाणी थोडं रेंगाळलं असणार तिथे दोन जागा पूर्ण गेल्या, हात घातल्याबरोबर कळलं, वास आणि लगदा. त्या जागेच्या आजूबाजूचे चांगले दिसणारे बटाटे मी वेगळ्या क्रेटमध्ये ठेवले, कुजक्याचं पाणी त्यांच्या सालीला लागलेलं असू शकतं आणि फुगलेल्या छिद्रांतून ते आत जातं. हात आणि फोर्क धुऊन मगच पुढच्या जागेला.

दुसरी गोष्ट, सावलीतल्या बटाट्यांचे डोळे जागे व्हायला लागलेत. अगदी टोकाला पांढरा बिंदू. बटाटा पिकल्यावर काही काळ झोपलेला असतो, जातीप्रमाणे काही आठवडे ते दोन-तीन महिने, आणि उष्णतेने ती झोप कमी होते. उन्हातल्या वरंब्यांत हे अजून दिसलं नव्हतं, मला वाटलं होतं उलटं असेल. जात सगळीकडे एकच आहे, त्यामुळे माझा अंदाज असा की पावसाची ओल मिळाली म्हणून हे जागे झाले. काहीही असो, कोंब फुटायला लागलेले लांब टिकत नाहीत, हे आधी संपवायचे. काकूंना तसं कळवलं. त्या म्हणाल्या यातलेच थोडे बेण्याला ठेव, मी नको म्हटलं, पुढच्या लागवडीपर्यंत लांबचा पल्ला आहे आणि ज्या वरंब्यात कूज निघाली तिथलं बेणं धरणं बरोबर नाही. पटलं त्यांना.

२८ मार्च

साठवणीची व्यवस्था. उन्हातल्या वरंब्यांचे बटाटे आता दहा-बारा दिवस अंधाऱ्या हवेशीर खोलीत पसरलेत, न धुता. खरचटलेल्या जागी साल पुन्हा धरते ती याच काळात, त्याला १५ ते २० अंश आणि दमट हवा चांगली. आपल्याला एवढी गार खोली मिळत नाही, मग खिडकीत ओलं गोणपाट लावून खोलीचं तापमान उतरवलं, पाणी बटाट्यांवर मात्र थेंबभरही पडू द्यायचं नाही. ज्यांच्याकडे गार जागा आहे त्यांनी पुढे ७ ते १० अंशांवर ठेवावेत. घरातल्या फ्रीजमध्ये नकोत, त्याहून खूप गार झालं की स्टार्चची साखर होते, बटाटा गोडसर लागतो आणि तळताना काळा पडतो.

ज्यांच्याकडे हिवाळा कडक असतो त्यांचं गणित आमच्या उलट आहे, तेही लिहून ठेवते. तिथे उशिरापर्यंत जमिनीत ठेवण्यात भीती गोठण्याची. शून्याच्या एक-दोन अंश खाली बटाटा गोठतो, आणि वितळल्यावर त्याचा पाण्याने भरलेला गोळा होतो. वरचे बटाटे आधी जातात, खोलवरचे मातीच्या पांघरुणाखाली वाचतात, म्हणून तिकडेही वर मातीची भर आणि गवताचा थर हाच उपाय, आणि काढायचे ते दुपारी, माती जरा उबदार झाल्यावर, कारण गारठलेल्या बटाट्याला साध्या धक्क्यानेही आत डाग पडतो. आम्ही पहाटे काढतो, ते दुपारी काढणार.

५ एप्रिल

क्रेटची तपासणी. हात न लावता आधी नाकाने, एकेका क्रेटवर वाकून. एका क्रेटमधून गोडसर कुबट वास आला, तो सावलीतल्या खालच्या टोकाच्या संशयितांचा. त्यातले तीन गेले होते, बाकी पुसून पुन्हा पसरले. चांगल्यांत एक अळीचा निघाला, माझ्या नजरेतून सुटलेला, आता त्याच्या शेजारचे सगळे पुन्हा बघितले. पाकोळी साठवणीतही वाढते, एक बटाटा पुरतो तिला, म्हणून क्रेटवर बारीक जाळीचं कापड बांधलं.

काकू कुबड्या घेऊन स्वतः बघायला आल्या होत्या. प्रत्येक क्रेटमधला एकेक उचलून अंगठ्याने घासला, काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "हिरवे कुठे ठेवलेस?" सांगितलं टाकले. "बरं केलंस."

१९ एप्रिल

मोकळ्या तुकड्यात बटाट्याची नवी रोपं उगवायला लागली आहेत, पावसाची ओल मिळाली त्यामुळे. कितीही चाळलं तरी गोटीएवढे बटाटे मातीत राहतातच. दिसायला ही रोपं गोंडस असतात आणि काढायला जीवावर येतं, पण ठेवायची नाहीत. करपा, कीड, मातीतली सूत्रकृमी, सगळ्यांना दोन हंगामांच्या मधे जगायला हीच रोपं लागतात. नुसतं वरून खुडलं तर पुन्हा फुटतात, खालचा बटाटा सापडेपर्यंत खणायचं. आज नातवाने सगळ्या सरी पालथ्या घातल्या आणि अर्धी बादली गोट्या काढल्या. त्या खतात न घालता वेगळ्या खड्ड्यात खोल पुरल्या, टाकलेल्या ढिगाबरोबर.

या तुकड्यात पुढची तीन वर्षं बटाटा नाही, टोमॅटो आणि वांगंही नाही, एकाच कुळातले आहेत ते. काकूंच्या डोक्यात आधी चवळी आणि मग कांदा आहे. पुढच्या बटाट्याला त्यांनी वरची बाजू धरलीय, आणि पाला पिवळा पडला की दोन आठवड्यांत काढायला कोण येणार ते आत्ताच ठरवून ठेवलंय, नातू आणि मी.

पुढची क्रेट तपासणी ३ मेला. तोपर्यंत दुसरा ढीग संपला पाहिजे, अजून दोन क्रेट आहेत त्याचे, उद्यापासून आसपासच्या घरांत वाटायला सुरुवात करते.